तिलेकचं औषध

बेशिक मी नेलं होतं. नातवाचा पाळणा मुलीच्या आईनेच न्यायचा ही आमच्याकडची रीत. म्हणून तिलेकचा पाय मोडला तेव्हा पहिलं खापर त्या पाळण्यावर फुटलं, दुसरं माझ्या लेकीवर, आणि उरलंसुरलं माझ्यावर. माझं काय, माझी कातडी जाड आहे आणि जीभ लांब. कुणी एक बोललं तर मी चार ऐकवते. पण माझी पेरिझात तशी नाही. ती बापावर गेली. तोंडातला शब्द तोंडातच विरघळवून टाकायची सवय.

फोन कुबातचा आला, जावयाचा. तो बिश्केकला ट्रकवर असतो, घरी कधीमधी येतो. मी बोरसोक तळायला पीठ मळत होते. सलाम नाही, ख्यालीखुशाली नाही.

"तुमच्या लेकीनं माझ्या पोराचा पाय मोडला."

"काय बोलतोयस? शुद्धीवर आहेस ना?"

"माझ्या आईनं डोळ्यांनी बघितलंय. सकाळी बेशिकमध्ये बांधताना पाय ओढला. कडकन आवाज झाला. नारिनच्या दवाखान्यात नेलंय. मी निघालोय, पण घाटात बर्फ आहे, दोन दिवस तरी लागतील."

आठ महिन्यांचं लेकरू ते. पीठ परातीत तसंच टाकलं, पिठाच्याच हातांनी कोट चढवला आणि कोचकोरच्या नाक्यावरून नारिनची टॅक्सी पकडली. दोलोनच्या खिंडीत ड्रायव्हर गाणी लावायला लागला. मी म्हटलं, "बाबा, बंद कर ते, नाहीतर मला इथंच उतरव." त्याने आरशात माझं तोंड बघितलं आणि गुपचूप बंद केलं.

दवाखान्यात तिलेक कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टरमध्ये होता. एवढासा जीव, आणि वर एवढं ओझं. रडून रडून आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होता. पेरिझात कोपऱ्यातल्या स्टुलावर, रुमाल कपाळावर ओढून. आणि खाटेवर, पोराच्या अगदी उशाशी, माझी विहीण काल्बुबू. ती शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती, निवृत्त झाली तरी आवाज अजून शंभर पोरांना जेवायला बोलावतोय असाच.

"आल्या का विहीणबाई? बघा, बघा तुमच्या लेकीचे प्रताप!"

"आधी पोराला बघू द्या. मग प्रताप बघते."

"तुमचं ते बेशिक! मी तेव्हाच म्हटलं होतं, लाकूड जड आहे."

"त्या बेशिकात माझी पाच पोरं वाढली, विहीणबाई. एकाचं नखसुद्धा मोडलं नाही. लाकूड जड होतं तर कौतुकानं पाळण्याचा बेशिकतोय कशाला घातलात? मेंढी कापून अख्खं गाव जेवलं तेव्हा लाकूड हलकं होतं का?"

"लाकडाचं सोडा मग. हात तर तुमच्या लेकीचेच ना? मी चुलीपाशी होते. हिनं पाय सरळ केला, पट्टा आवळला, आणि पोर असं किंचाळलं की माझ्या हातातली किटली पडली."

मी पेरिझातकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलेल. ती खाली फरशीकडे बघत बसली. सासू बोलत असताना सुनेनं मध्ये तोंड घालायचं नाही, हे मीच तिला शिकवून पाठवलं होतं. तिथं मलाच तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

चिनारा डॉक्टर आली. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र शांत. तिने आम्हाला एक्स-रे उजेडावर धरून दाखवला.

"मांडीचं हाड मोडलंय, हे आजचं. आणि हे बघा. डाव्या हाताचं हाड. हे आधी कधीतरी चिरलंय आणि आपोआप जुळलंय."

"हात?" काल्बुबू म्हणाली. "हात कधी मोडला?"

कुणालाच माहीत नव्हतं. पेरिझातने एकदम तोंडावर हात दाबला. नंतर तिने मला सांगितलं, हिवाळ्यात दोन-तीन आठवडे तो डावा हात उचलत नव्हता, तिला वाटलं थंडी भरली असेल, म्हणून ती मेंढीची चरबी चोळत राहिली.

"मला वर कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "एवढ्या लहान मुलाची हाडं अशी मोडतात तेव्हा आधी घरातल्या माणसांनाच विचारतात. बालविभागाची बाई येईल. घाबरू नका, खरं काय ते सांगा."

डॉक्टरची पाठ फिरायचा अवकाश, काल्बुबूचा फोन सुरू झाला. नणंद झाली, जाऊ झाली, बिश्केकची भाची झाली. सगळ्यांना तेच: "सुनेनं पाय ओढला, मी बघितलं." तिला मी दोष देत नाही असं म्हणणार नाही, मी तेव्हा मनातल्या मनात तिला असल्या शिव्या दिल्या की आजही तोंडावर आणता येणार नाहीत. शेवटी अब्दिकादिर आबांचा फोन आला. ते कुबातच्या मेलेल्या बापाचे थोरले भाऊ, त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. काल्बुबूने फोन कानाला लावला होता, पण म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर पसरला.

"पोर आपलं आहे. त्याला घरी आणा. सुनेला तिच्या आईबरोबर पाठवून द्या. कुबात आला की बसून पक्कं करू."

पेरिझातने ते ऐकलं. मी तिला धरून बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"खरं सांग मला. ओढलास पाय?"

"नाही गं आई. रोज बांधते तसंच बांधलं. अगदी तसंच." मग ती माझ्या कोटाच्या बाहीला धरून लहान असल्यासारखी रडायला लागली. "आई, ते त्याला ठेवून घेतील. माझं दूध येतंय अजून. तो माझ्याकडे राहील ना?"

काय सांगणार होते मी? आमच्यात लेकरू बापाच्या घराचं. कायदा काय म्हणतो ते शहरात. गावात म्हातारे चहा पिऊन उठले की झालं. मी म्हटलं, "राहील. मी मेले का?"

आता मुळापासून सांगते, म्हणजे कळेल. तिलेक जुलैत झाला. दोन महिन्यांचा असताना तो दूध पाजलं की ओकायचा. बेशिकात पाठीवर बांधलेलं पोर, गळ्यापर्यंत दूध, मग काय होणार? माझी पाचही पोरं ओकली. आम्ही खांद्यावर फडकं टाकून फिरायचो, वर्षभरात आपोआप थांबायचं. पण काल्बुबूला ते सोसेना. तिला स्वतःला जळजळीचा त्रास. कुठंही जेवायला निघाली की आधी एक कॅप्सूल गिळणार, मग मेंढीच्या शेपटीच्या चरबीवर आडवा हात मारणार. चरबी सोडा म्हणून मी एकदा म्हटलं तर म्हणे, "विहीणबाई, चरबी सोडायची तर औषध कशाला शोधून काढलं माणसांनी?" तिने पोराला उचललं आणि बिश्केकला कुठल्याशा मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्याने पोटातलं आम्ल कमी करायचं औषध लिहून दिलं. छोट्या पुड्या. महिनाभर द्या आणि परत दाखवायला आणा, म्हणाला.

महिन्यात पोर शांत झालं. ओकणं कमी, रडणं कमी. काल्बुबू गावभर सांगत सुटली की माझ्या नातवाला मी बरं केलं. परत दाखवायला कोण जातंय? घाट, बर्फ, टॅक्सीचा खर्च. आणि औषध तर त्यांच्या गावाजवळ आत-बाशीच्या दुकानात मिळतंच, कुणी चिठ्ठी विचारत नाही. गुण येतोय तर बंद कशाला करायचं? औषध चालू आहे एवढं मलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. औषध म्हणजे औषध, त्यात वाईट काय असणार, असंच आम्हाला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी चिनारा डॉक्टरने आम्हा तिघींना तिच्या खोलीत बोलावलं. रक्ताच्या तपासण्या आल्या होत्या.

"मारल्याच्या, पडल्याच्या खुणा कुठंच नाहीत," ती म्हणाली. "पण हाडं पातळ आहेत. या वयाच्या मानानं फारच पातळ. त्याला हिवाळ्यात काय काय झालं?"

"न्यूमोनिया झाला," काल्बुबू म्हणाली. "दोनदा. शिवाय सारखी हगवण. आमची सून पोराला नीट गुंडाळत नाही."

"उन्हात नेत होतात?"

"हिवाळ्यात? उणे तीसमध्ये? डॉक्टरबाई, तुम्ही नारिनच्याच ना?"

डॉक्टर किंचित हसली. "आणि काही औषध चालू आहे?"

"आहे ना. पोटाचं. त्यानंच तर पोर जगलं." काल्बुबूने पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, मी बघितला.

डॉक्टरने पुडी उलटसुलट केली. तिचा चेहरा बदलला. "कधीपासून?"

"दोन महिन्यांचा होता तेव्हापासून."

"मध्ये बंद केलंच नाही?"

"कशाला बंद करायचं? दुखणं परत यायला?"

"कोण देतं?"

"मीच," काल्बुबू म्हणाली. "रोज सकाळी उठल्या उठल्या, सायीत कालवून. एक दिवस चुकवलं नाही. हिच्या भरवशावर ठेवलं असतं तर झालंच होतं. तरुण पोरी, फोनमध्ये डोकं, विसरतात."

मी सहज पेरिझातकडे बघितलं. पोटच्या पोरीचं तोंड आईला वाचता येतं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"काय गं?" मी म्हटलं. "काय झालं?"

ती रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बोल!" मी ओरडले. "तुझ्या लेकराचं हाड मोडलंय, आता तरी बोल! जीभ काय माहेरी ठेवून आलीस?"

"मी पण देते," ती म्हणाली. इतकं हळू, की डॉक्टरला पुढं वाकावं लागलं. "सकाळी. एने दूध काढायला गोठ्यात गेल्या की. दुधात मिसळून, चमच्यानं."

एने म्हणजे सासू, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. काल्बुबूने वळून तिच्याकडे बघितलं.

"एनेंनी सांगितलं होतं, औषध चुकवू नकोस म्हणून," पेरिझात म्हणाली. "मी एकदाही चुकवलं नाही."

डॉक्टरने टेबलावर पेन ठेवलं. "म्हणजे रोज दोनदा. दुप्पट. इतके महिने. अहो, तुम्ही एका घरात राहता! एकमेकींना विचारलं नाहीत?"

आता बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. आम्हाला वाटतं. सून सासूला विचारेल, "एने, तुम्ही औषध दिलंत का?" म्हणजे काय, सासूची उलटतपासणी? सून एनेचं नावसुद्धा घेत नाही, नावासारखा दुसरा शब्द असला तर तोही टाळते. आणि सासू सुनेला सांगेल, "मी देतेय हो, तू देऊ नको"? सासू काय सुनेला हिशेब देते? एकीने विश्वास ठेवायचा नाही, दुसरीने तोंड उघडायचं नाही. दोघी एकाच छताखाली, एकाच पोरावर जीव टाकणाऱ्या. पुड्या लवकर संपायच्या तेव्हा काल्बुबूला वाटायचं दुकानदार कमी देतो. त्याच्याशी ती दोनदा भांडून आली होती.

डॉक्टरने समजावून सांगितलं, अगदी साधं करून. पोटातलं आम्ल काही वैरी नाही. त्यानं दूध पचतं, खाण्यातले जंतू मरतात, हाडांना लागतं ते त्याच्याच मदतीनं अंगात उतरतं. आम्ल फार दाबलं, फार दिवस दाबलं, तर जंतू मोकळे सुटतात. न्यूमोनिया, हगवण त्यानं येऊ शकते. हाडं कच्ची राहू शकतात. काही मुलांना हे औषध खरंच लागतं, जीव वाचवतं. पण नुसतं दूध ओकणारं, अंगानं वाढणारं बाळ आजारी नसतं.

"यानंच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही," ती म्हणाली. "ऊन नव्हतं, हिवाळा होता, अंगभर बांधलेलं होतं, तेही आहेच. पण याचा हात आहे असं मला वाटतं. त्या पायावर कुणी जोर केला नाही. तो पाय मोडायलाच आला होता, कुणाच्याही हातात मोडला असता. बालविभागाच्या बाईंना मी तसं सांगते. औषध एकदम नाही, हळूहळू बंद करू. हाडं भरतील, लहान आहे. घरात कुणी किती दिलं ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यात पडायचं नाही."

काल्बुबू उठली. पुडीकडे हात गेला, मग मागे घेतला. एवढी मोठी बाई, पण दाराची मूठ तिला सापडेना. मी उघडून दिली.

मी तिला जिन्यापाशी गाठलं. मला राग आला होता, आणि खरं सांगते, आनंदही झाला होता. माझ्या लेकीची सुटका झाली होती ना.

"विहीणबाई, आता परत फोन लावा. ज्यांना ज्यांना सांगितलंत त्या सगळ्यांना. म्हणावं, सुनेनं पाय मोडला नाही."

ती भिंतीला टेकून उभी होती. "हाताला चरबी चोळत होती ती," म्हणाली. "मी बघत होते. म्हटलं, कामचुकारपणा करते, पोराला खेळवत बसते."

"फोन लावणार का?"

"आबा आहेत. कुबात आहे. त्यांच्यापुढं मी काय सांगू? की मी माझ्या नातवाला..."

"मग माझ्या लेकीला रिकाम्या हातानं जाऊ देऊ का?"

तिने रुमाल नीट केला आणि जिना उतरायला लागली. मला वाटलं, ही मूग गिळून बसणार. बसणारच. तिच्या जागी मी असते तर? देव जाणे.

कुबात आला त्या दिवशी तिलेकला घरी सोडलं. त्याला गादीच्या तुकड्यावर ठेवून, हळूहळू गाडी हाकत गावी आणलं. पेरिझातने त्याला स्वतःच्या मांडीवर धरलं होतं, काल्बुबू पुढच्या सीटवर बसली. ही रोजची रीत उलटी. एरवी पोर आजीच्या मांडीवर, आणि आई कुठंतरी मागं पिशव्यांबरोबर. काल्बुबूने मागं वळूनही बघितलं नाही.

घरी अब्दिकादिर आबा आधीच मानाच्या जागी बसले होते, दाराकडे तोंड करून. बाजूला त्यांचा मुलगा, दोन भाऊबंद, एक आत्या. दस्तरखान पसरलेलं, बोरसोक, साय, जॅम. जणू काही सणच. मी दाराजवळ बसले. पाहुणी असले तरी आज माझी जागा तिथंच होती. तिलेकला कडेला उशांमध्ये ठेवलं. पेरिझात किटलीपाशी बसली आणि वाट्यांत चहा ओतायला लागली. तिला घालवून द्यायची सभा, आणि चहा तिनेच ओतायचा.

आबांनी दुआ केली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

"जे झालं ते झालं," आबा म्हणाले. "शिवीगाळ नको, मारामारी नको. मुलीच्या आईचा आम्ही मान ठेवतो. पण ज्या हातांनी पोराचं हाड मोडलं त्या हातांत पोर परत देता येत नाही. कुबात, तू काय म्हणतोस?"

कुबात चहाच्या वाटीत बघत होता. "तुम्ही म्हणाल तसं, आबा." बायकोकडे त्याने डोळे वर करून बघितलं नाही. मला त्याची मान धरावीशी वाटली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पेरिझातने माझ्याकडे बघितलं. नको, असं बघितलं. जन्मात मी कधी जीभ आवरली नव्हती, ती तिथं आवरली. ती नजरेनं सांगत होती, त्यांचं त्यांना बोलू दे. आणि मला ठाऊक होतं की काल्बुबू काही बोलायची नाही.

"थांबा," काल्बुबू म्हणाली.

ती आत्याच्या शेजारी बसली होती. उठली नाही. आवाज इतका लहान की भाऊबंदांतल्या एकाने कानामागं हात धरला.

"पाय हिनं मोडला नाही. हाडं आधीच गेली होती. डॉक्टर म्हणाली, औषधानं. पोटाच्या. ते मी देत होते."

"कुठलं औषध?" आबा म्हणाले. "डॉक्टरनंच दिलेलं ना?"

"महिनाभर द्यायला सांगितलं होतं. मी थांबवलं नाही. आणि दुप्पट दिलं."

"दुप्पट?" कुबातने मान वर केली. "दुप्पट का, आई?"

मी काल्बुबूकडे बघत होते. आता म्हणेल, मी एक दिलं आणि सुनेनं एक. खरं तेच होतं. तेवढं बोलली असती तरी आम्ही तिचे आभार मानले असते.

"मला वाटलं, जास्त दिलं तर जास्त गुण येईल," ती म्हणाली. "सकाळी सायीत. मग परत दुधात. दोन्ही वेळा मीच. सुनेच्या हाताला मी पुडी लागू दिली नाही. तिचा यात काही संबंध नाही."

पेरिझातच्या हातातली किटली वाटीवर आपटली. "एने, नाही," ती म्हणाली. "मी पण—"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये," काल्बुबू म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरातला आवाज, तोच. "आबांची वाटी रिकामी आहे. चहा ओत."

आणि पेरिझातने ओतला. काय करणार? मोठ्यांच्या बैठकीत एनेला खोटं पाडायचं? ज्या रीतीनं पोराचा पाय मोडला त्याच रीतीनं तिचं तोंड बंद केलं होतं, आणि या वेळी ते तिला वाचवायला. वाटी भरून चहा बाहेर सांडला तरी तिला कळलं नाही.

मला बोलता आलं असतं. मी पाहुणी, माझी जीभ लांब, सगळं गाव ओळखतं. मी बोलले नाही. माझी लेक घरात राहणार होती, तिचं लेकरू तिच्याजवळ राहणार होतं. त्या खोट्याला मी दोन्ही हातांनी धरून बसले. त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला वाटलं, आणि मान वर करून तिच्याकडे बघायची लाजही वाटली.

कुबात उठून उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "तू सगळ्यांना फोन करून सांगितलंस! मला सांगितलंस की तिनं मोडला. मी तिला रस्त्यात फोनवर काय काय बोललो, आई!"

काल्बुबू दस्तरखानाची कड सरळ करत राहिली.

"आम्ही शहरात जाऊ," कुबात म्हणाला. "तिघंही. दवाखान्याजवळ खोली घेऊ. आणि तू आता माझ्या पोराला हात लावायचा नाही. ऐकतेस? हात नाही लावायचा."

आबा खाकरले. "कुबात, आई आहे ती." पण ते जोर लावून बोलले नाहीत. मघाशी ज्या शब्दांनी त्यांनी सुनेच्या हातांना दोषी ठरवलं होतं, त्याच शब्दांनी आता ते स्वतः बांधले गेले होते. आत्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती. काल्बुबूने मान हलवली. बरोबर आहे, अशी. तिने आपले दोन्ही हात झग्याखाली घेतले.

पेरिझातने किटली खाली ठेवली. ती उठली, उशांपाशी गेली, तिलेकला त्याच्या गादीसकट उचललं. डॉक्टरने दाखवलं होतं तसं, एक हात मानेखाली, एक प्लास्टरखाली. मला वाटलं, ती त्याला घेऊन आत जाईल. सगळ्यांनाच तसं वाटलं. ती नवऱ्यासमोरून गेली, आबांसमोरून गेली, दस्तरखानाला वळसा घालून काल्बुबूपुढं गुडघ्यांवर बसली आणि पोराला तिच्या मांडीवर ठेवलं.

"पेरिझात!" कुबात म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

काल्बुबू घाबरली. ती मागं सरकायला लागली, पण पोर मांडीवर, सरकणार कुठं? तिने हात झग्यातून काढले खरे, पण ते तसेच हवेत धरले, तापलेल्या तव्यावर धरावेत तसे. "घे, घे याला," ती पुटपुटली. "माझ्या हातानं काहीतरी होईल. घे गं."

"काही होत नाही," पेरिझात म्हणाली. घरातल्या सगळ्या मोठ्यांसमोर, सरळ आवाजात. मग तिने सासूचे दोन्ही हात धरले, एक पोराच्या मानेखाली घातला, एक प्लास्टरखाली, आणि वर आपले हात तसेच दाबून ठेवले. "असं धरायचं, एने. मी शिकवते."

म्हातारी रडायला लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता, पुरुषांसमोर. तिलेक तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दोघी तशाच बसल्या, चार हात एका पोराखाली, आणि कुबात काय करावं ते न कळून उभा.

आबांची वाटी परत रिकामी झाली होती. सूनबाईचे हात गुंतले होते. मी उठले, किटली घेतली आणि सगळ्यांना चहा ओतला.